सीओडी मर्यादेत, मग मासे का मरतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची (सीईटीपी) प्रयोगशाळा तुम्ही सांभाळता. पीएच, सीओडी (पाण्यातले पदार्थ रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन), टीएसएस (तरंगते कण), तीन दिवसांचा बीओडी (जिवाणूंना ते कुजवायला लागणारा ऑक्सिजन) हे सगळं नियमित होतं आणि मर्यादेत असतं. आउटलेटच्या टाकीत गप्पी सोडलेत, तेही मजेत आहेत. तरी दर उन्हाळ्यात खालच्या गावचे लोक मेलेले मासे घेऊन गेटवर येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली बायोअ‍ॅसेची (जिवंत प्राण्यांवर पाणी तपासण्याची) अट तुम्ही बाहेरच्या लॅबकडून पुरी करून घेता, रिपोर्ट ‘पास’ येतो. आता व्यवस्थापन विचारतंय की जैविक चाचण्या आपणच सुरू कराव्यात का, कोणत्या, आणि त्यातून नक्की काय हाती लागेल.

सुरू कराव्यात. पण माशांपासून नको, आणि केवळ संमतीपत्राच्या फाइलसाठीही नको.

आधी ते ‘मर्यादेत’ प्रकरण बघू. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या परिशिष्टात नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा आहेत. सीओडी २५० आणि बीओडी ३० तुम्हाला तोंडपाठ असतील. त्याच तक्त्यात खाली जा: तांबं ३, जस्त ५, अमोनियाकल नायट्रोजन ५०, मुक्त अमोनिया ५, उरलेला क्लोरीन १. सगळे लिटरला मिलिग्रॅममध्ये. आता मऊ पाण्यात डॅफ्निया (पाण्यातली इवलीशी पिसू) मारायला लिटरमागे तांब्याचे वीस-तीस मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे मर्यादेच्या शंभराव्या भागाच्या आसपास. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये बरेच मासे दिवसभरही टिकत नाहीत. आणि याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे: १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. एक ओळ पाळली म्हणून दुसरी आपोआप पाळली जात नाही. रासायनिक मर्यादा ठरवताना पुढे नदीत पाणी पातळ होईल हे धरलेलं असतं. मे महिन्यात तुमच्या नाल्यात वरून येणारं पाणी किती असतं ते एकदा जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी नाल्यात वाहतं ते केंद्रातलंच पाणी असतं, मग पातळ करणार कोण?

दुसरं असं की सीओडी हा बेरजेचा आकडा आहे. त्यात निरुपद्रवी स्टार्च आणि कीटकनाशक शेजारी शेजारी बसतात. लिटरला २०० मिलिग्रॅम सीओडीपैकी १९९ कशाचा आहे याने माशाला फरक पडत नसेल, उरलेला १ कशाचा आहे याने पडतो. तुमच्या सभासद कारखान्यांत रंगद्रव्यं, औषधांची मध्यवर्ती रसायनं किंवा कीटकनाशकं बनत असतील तर एकेक रेणू शोधून मोजणं कोणत्याही लॅबला परवडत नाही. तिथे जिवंत प्राणी उपयोगी पडतो, कारण पाण्यात जे काही आहे त्या सगळ्याचा एकत्रित परिणाम तो दाखवतो. नाव मात्र सांगत नाही. नाव शोधायची एक पद्धत आहे, ती शेवटी सांगतो.

एक जैविक चाचणी तुम्ही रोज करताच आहात, फक्त तिला तसं बघत नाही. बीओडीच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत जिवाणूंनी २७ अंशांवर ३ दिवसांत किती ऑक्सिजन खाल्ला एवढंच आपण मोजतो. नमुन्यात जिवाणूंना मारणारं किंवा सुस्त करणारं काही असेल तर ते खाणारच नाहीत. बीओडी कमी येईल आणि रिपोर्ट झकास दिसेल. सीओडी २३० आणि बीओडी ६ असा जोडआकडा दिसला की मला आनंद होत नाही, शंका येते. कधी ते पाणी खरोखरच न कुजणाऱ्या पदार्थांचं असतं, कधी विषारी. फरक ओळखायला एकाच नमुन्याच्या चार विरळण्या लावा, समजा २, ५, १० आणि २० टक्के. पाणी साधं असेल तर चारही बाटल्यांतून गणित करून येणारा बीओडी जवळपास सारखा येतो. विषारी असेल तर जितकं पातळ, तितका बीओडी जास्त येतो, कारण पातळ केल्यावर जिवाणूंचा गळा सुटतो. बाटल्या, इनक्युबेटर, बियाणं (जिवाणूंचं विरजण) सगळं तुमच्याकडे आहे. या चाचणीला वेगळा पैसा लागत नाही, तेव्हा सुरुवात उद्यापासून करता येईल.

इनलेटला याचीच धाकटी बहीण लावा. एअरेशन टँकमधला (हवा फुंकायच्या टाकीतला) जिवाणूंचा गाळ घ्या, त्याला थोडं कृत्रिम सांडपाणी खायला द्या, हवा भरा, हवा बंद करा आणि डीओ मीटरने (विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राने) ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते लिहून ठेवा. मग तेच, पण त्यात संशयित कारखान्याचं पाणी मिसळून. उतार निम्म्यावर आला तर तो कारखाना तुमचा गाळ मारतोय. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०९ क्रमांकाची पद्धत हीच आहे, तिथे संपर्काचा काळ ३ तासांचा धरतात. सोबत गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय लावा. देठावर उभ्या राहणाऱ्या घंटेसारख्या व्होर्टिसेला विषारी पाणी आल्यावर सगळ्यांत आधी बिघडतात: देठ आखडतात, तोंडं मिटतात, पुढे नुसते देठ उरतात. सीओडी चढायच्या आधी हे दिसतं. चांगला ऑपरेटर हे बघून संध्याकाळच्या पाळीला फोन करतो.

आता तुमच्या गप्पींबद्दल. डास मारण्यासाठी नगरपालिकेचा मलेरिया विभाग जो मासा गटारात सोडतो, तो तुम्ही साक्षीदार म्हणून ठेवलाय. गप्पी कमी ऑक्सिजनमध्ये पृष्ठभागावरच्या पातळ थरातलं पाणी कल्ल्यांतून घेऊन जगतो, मीठ सोसतो, सांडपाणी सोसतो. शिवाय टाकीतले मासे महिनोन् महिने त्याच पाण्यात मुरलेले. जे मरायचे ते कधीच मेले, उरलेल्यांची सवय झाली. आणि खरं बोलायचं तर रात्रपाळीत मेलेला मासा सकाळी साहेब यायच्या आत बदलला जातो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टाकी भेट द्यायला येणाऱ्यांसाठी राहू द्या, पण तिचा आकडा कुठेही लिहू नका.

नियमातली ९६ तासांची चाचणी वेगळी. तिच्यात न मुरलेले, सारख्या वयाचे मासे लागतात, सोबत तुलनेसाठी स्वच्छ पाण्याची कंट्रोल टाकी लागते, कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर चाचणी रद्द. आपल्याकडे भारतीय मानक ६५८२ आहे, त्याच्या दुसऱ्या भागात झेब्रा माशावर पाणी किती पट पातळ केल्यावर मासे जगतात तो घटक काढायची पद्धत आहे. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट हाती आला की फक्त ‘९५ टक्के जिवंत’ एवढं वाचून सोडू नका. मासा कोणता, किती लांबीचा, कंट्रोलमध्ये किती मेले, चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी पीएच, ऑक्सिजन आणि तापमान किती होतं, हवा सोडली होती का, हे विचारा. यातलं काही रिपोर्टमध्ये नसेल तर तो कागद आहे, रिपोर्ट नाही.

‘हवा सोडली होती का’ यावर थोडं रेंगाळतो, कारण गावकरी आणि रिपोर्ट यांच्यातला निम्मा झगडा इथे आहे. लॅबमध्ये टाकीत बुडबुडे सोडलेले असतात, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडून मासा मरण्याची शक्यताच संपते. नदीत बुडबुडे कोण सोडणार? जास्त सेंद्रिय भार असलेलं पाणी बंधाऱ्यामागे साचलं की जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम असतो. पंचगंगेच्या बातम्यांत येतं ते ‘मळीमिश्रित पाणी’ मुख्यतः असंच मारतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की तळाचा काळा गाळ उसळून खालच्या टप्प्यात तेच होतं. उलट, खरोखर विषारी पाणी भरपूर ऑक्सिजनमध्येही मारतं. दोन्हींना गावकऱ्यांच्या भाषेत ‘पाणी सोडलं’ म्हणतात, पण कारण वेगळं आणि इलाजही वेगळा.

म्हणून पुढच्या वेळी लोक मासे घेऊन आले की गेटवर वाद घालू नका, त्यांच्याबरोबर काठावर जा. किती वाजता मेले ते विचारा. पहाटे मेले असतील तर ऑक्सिजनचा संशय, कारण रात्रभर शेवाळंही श्वास घेतं आणि पहाटे ऑक्सिजन तळाला असतो. गुदमरताना बहुधा मोठे मासे आधी जातात. विषात बहुधा लहान. मरळ आणि मागूर हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. ते जिवंत आणि रोहू-कटला उलटे पडलेले असतील तर गुदमरणं जवळपास नक्की. मरळही मेली असेल तर विषाकडे वळा. मग खेकडे, झिंगे, पाणकिडे बघा. मासे तरंगतायत पण नुसते सुस्त आहेत, आणि झिंगे-खेकडे मात्र सगळे मेलेत, असं असेल तर कीटकनाशक शोधा. कीटक आणि कवचधारी प्राणी त्याला माशांपेक्षा कितीतरी नाजूक असतात. कल्ले उघडून बघा. तपकिरी, चॉकलेटी कल्ले नायट्राइटकडे बोट दाखवतात, भडक लाल सायनाइडकडे. ही बघणी अर्ध्या तासाची असते, पण मासे सडायच्या आत झाली पाहिजे. दुपारी चार वाजता काढलेले फोटो फारसे कामाचे नसतात. डीओ मीटर मात्र सोबत न्या आणि तिथल्या तिथे मोजा, बाटली लॅबमध्ये आणून नाही.

तर मग स्वतःची चाचणी कोणती? डॅफ्निया. आणि ती जमत नसेल तर आपल्या तळ्यातला मोइना, तिचाच नातलग.

डॅफ्निया म्हणजे पाण्यातली दोन-चार मिलिमीटरची पिसू. नर नसताना मादीच पिलं घालते, त्यामुळे सगळे प्राणी जवळपास एकाच वाणाचे मिळतात. ओईसीडीची २०२ क्रमांकाची पद्धत ४८ तासांची. २४ तासांच्या आतली पिलं घ्यायची, प्रत्येक विरळणीला २०, ती पाच-पाचच्या चार चंचुपात्रांत. खायला द्यायचं नाही. २४ आणि ४८ तासांनी पात्र हलकेच हलवायचं आणि १५ सेकंदांत जो पोहत नाही तो ‘अचल’ म्हणून मोजायचा. कंट्रोलमध्ये अचल १० टक्क्यांहून जास्त नको, शेवटी ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली नको. पुस्तकात एवढंच. प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगतो.

पिलं ड्रॉपरने उचलताना ड्रॉपरचं तोंड रुंद हवं आणि पिलू पाण्याच्या आत सोडायचं. वरून थेंब टाकला तर कवचाखाली हवा अडकते आणि ते पृष्ठभागावर चिकटून राहतं. दोन दिवसांनी तुम्ही त्याला ‘अचल’ धरता आणि सांडपाण्याला दोष देता. पितळी तोटीचं पाणी कल्चरला (प्राणी वाढवायच्या टाकीला) वापरायचं नाही, तांबं सुटतं; आदल्या रात्रीपासून साचलेलं तर नाहीच नाही. नुसतं आरओचं पाणीही नाही, त्यात कॅल्शियम नसतं. संपूर्ण क्लोरीन गेलेलं, मध्यम कठीण विहिरीचं पाणी बऱ्याचदा उत्तम चालतं. मादीच्या पाठीवर काळं खोगीर दिसायला लागलं की कल्चर संकटात आहे असं समजा: गर्दी झालीय, उपाशी आहे किंवा तापमान बिघडलंय. ती टिकाऊ अंडी असतात आणि नर निपजायला लागलेले असतात. त्या आठवड्यात चाचणी लावू नका.

चाचणीतली नेहमीची जात म्हणजे डॅफ्निया मॅग्ना; तिला २० अंशांच्या आसपास लागतं. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला की कल्चर एका रात्रीत संपतं. म्हणून मी दोन कल्चर दोन वेगळ्या खोल्यांत ठेवायला सांगतो. मोइना आपल्याकडचाच; मत्स्यबीज केंद्रात पिलांना खायला वाढवतात, अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडेही मिळतो. २७-२८ अंशांत खुशाल वाढतो, पिढी भराभर बदलते. त्याचे आकडे आंतरराष्ट्रीय तक्त्याशी थेट जुळवता येत नाहीत, पण तुमच्या स्वतःच्या केंद्राचा या महिन्याचा आकडा गेल्या महिन्याशी ताडायला तो पुरेसा आहे, आणि तुम्हाला हवंय ते तेच. मॅग्ना मात्र आपल्या नाल्यांत सहसा नसतो. जुनं कल्चर नाल्यात ओतू नका, उकळून टाका.

प्राणी ठणठणीत आहेत हे दर महिन्याला तपासायचं ते पोटॅशियम डायक्रोमेटने. आयएसओच्या पद्धतीत मॅग्नाचा २४ तासांचा ईसी५०, म्हणजे निम्मे प्राणी अचल करणारी मात्रा, लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यावा लागतो. हा आकडा आलेखावर टिपत जा. आलेख घसरायला लागला तर आधी कल्चर तपासा, सांडपाण्याबद्दल नंतर बोला. मंडळाच्या अधिकाऱ्यासमोर किंवा हरित लवादापुढे तुमचा आकडा टिकेल तो या आलेखाच्या जोरावर.

सांडपाण्याच्या विरळण्या ६.२५, १२.५, २५, ५० आणि १०० टक्के अशा ठेवा. समजा २५ टक्क्यांत निम्मे अचल झाले, तर १०० भागिले २५ म्हणजे ४ विषारीपणा एकक. हे एकक व्यवस्थापनाला पटकन कळतं: चार म्हणजे निम्मे प्राणी वाचण्याच्या पातळीला यायलाच पाणी चौपट पातळ व्हायला हवं. रिपोर्टमध्ये ‘पास-नापास’ऐवजी हेच लिहा. दर आठवड्याच्या एककांचा आलेख काढला की कोणत्या वारी, कोणत्या कारखान्याच्या बॅचनंतर उसळी येते ते दिसायला लागतं.

दोन घटक या चाचणीला हमखास फसवतात. पहिला मीठ. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला ५-६ ग्रॅमवर गेला की नुसत्या मिठानेच डॅफ्निया मरायला लागतो. तेवढंच मीठ घातलेलं स्वच्छ पाणी शेजारी लावा म्हणजे मिठाचा वाटा किती आणि इतर कशाचा किती ते सुटं होईल.

दुसरा अमोनिया, आणि हा जास्त लबाड आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम त्या मानाने सौम्य, मुक्त अमोनिया जहाल. कोणतं रूप किती हे पीएच ठरवतो. २५ अंशांवर ७.२ पीएचला मुक्त रूप एक टक्क्याच्याही आत, ८.५ ला १५ टक्के. तुमच्या आउटलेटला अमोनियाकल नायट्रोजन ४० असेल, म्हणजे मर्यादेतच, तर ७.२ पीएचला मुक्त अमोनिया ०.३५ आणि ८.५ ला ६ मिलिग्रॅम. बऱ्याच माशांपैकी निम्मे चार दिवसांत मारायला १-२ मिलिग्रॅम पुरतो. आता गंमत बघा. टाकीत हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच ७.२ वरून हळूहळू ८ च्या पुढे सरकतो. पाणी तेच, रिपोर्टमधला अमोनिया तोच, पण तिसऱ्या दिवशी मासे पटापट मरतात. नदीतही असंच घडतं: दुपारच्या उन्हात शेवाळं कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच ९ पर्यंत नेतं आणि सकाळी निरुपद्रवी असलेलं पाणी दुपारी मारक होतं. पीएच रोज न मोजता केलेल्या बायोअ‍ॅसेवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

बाकीच्या चाचण्या पटकन सांगतो. चमकणाऱ्या सागरी जिवाणूंची चाचणी १५-३० मिनिटांत उत्तर देते. जिवाणूंचा प्रकाश किती मंदावला ते यंत्र मोजतं. इनलेटला टँकर आत घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवायला याच्याइतकं जलद काही नाही, आणि २ टक्के मिठात चालत असल्याने टीडीएसचं नाटक इथे चालत नाही. पण यंत्र महाग, आणि लाल-काळं पाणी प्रकाश गिळतं, त्याची दुरुस्ती करावी लागते. शेवाळाची ७२ तासांची चाचणी तणनाशकांसाठी चांगली, रंगीत पाण्यासाठी त्रासदायक. कांद्याची मुळं ही शाळा-कॉलेजांची आवडती चाचणी: तीन दिवसांत मुळं किती वाढली ते मोजायचं, आणि टोकाच्या पेशी रंगवल्या तर गुणसूत्रांची मोडतोडही दिसते. स्वस्त आणि बरीच प्रामाणिक. फक्त कांदा अंकुररोधक न मारलेला, विकिरण न केलेला घ्या. लासलगावला विकिरण केंद्र आहे हे विसरून बाजारातून कांदे आणले तर मुळं का येत नाहीत म्हणून सांडपाण्याला बोल लावत बसाल. ओळखीच्या शेतकऱ्याच्या चाळीतले आणा.

माशांवर करायचंच असेल तर मोठ्या माशांऐवजी झेब्राची अंडी वापरा. अंड्यांतली वाढ पारदर्शक कवचातून दिसते: गोठणं, पाठीचे खंड न पडणं, शेपूट न सुटणं, हृदय न धडधडणं. जर्मनीत सांडपाण्यासाठी २००५ पासून माशांऐवजी अंड्यांचीच चाचणी चालते. कमी पाणी, कमी जागा लागते आणि प्राण्यांचे हालही कमी होतात.

आणि जगला-मेला ही फार ढोबळ कसोटी आहे, हेही व्यवस्थापनाला सांगून ठेवा. डॅफ्निया २१ दिवस ठेवला तर जगतो पण पिलं घालत नाही, असं पाणी मी बरंच बघितलंय. गोव्यात मुरगाव बंदराच्या भागातल्या सागरी गोगलगायींच्या माद्यांवर नराचे अवयव उगवलेले आढळले, तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण ठरलं जहाजांच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन, जे काही जातींत लिटरला एका नॅनोग्रॅमच्या आसपासही हा परिणाम घडवतं. ९६ तासांच्या चाचणीत त्या पाण्यात एकही प्राणी मेला नसता.

लॅबमधून बाहेर पडून नाल्यात जाणं हा स्वस्तातला सर्वांत मोठा पुरावा आहे. तुमच्या आउटलेटच्या वर आणि खाली, सारख्या खोलीच्या, सारख्या दगडगोट्यांच्या जागा निवडा. जाळी धरून पायाने दगड ढवळा आणि जाळीत काय येतं ते पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या कीटकांची पिलं म्हणजे पाणी चांगलं. चतुर-टाचणीची पिलं आणि गोगलगायी म्हणजे मधलं. नुसते लाल रक्तकिडे आणि ट्युबिफेक्स (चिखलातले बारीक कृमी) म्हणजे वाईट. तेही नसतील तर विषाचा संशय घ्या, कारण सांडपाण्याने कुजलेल्या पाण्यात ट्युबिफेक्स मजेत राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकष पद्धत यावरच उभी आहे: प्राण्यांच्या कुळांना ० ते १० गुण, विविधतेला ० ते १, आणि त्यावरून स्वच्छ ते अतिप्रदूषित असे ‘अ’ ते ‘ई’ पाच वर्ग. पावसाळ्यात करू नका, पुराने तळ धुतलेला असतो. नोव्हेंबर आणि मार्च उत्तम. या प्राण्यांचं महत्त्व हे की ते महिनोन् महिने तिथेच असतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजता घेतलेल्या नमुन्यात जे नसतं, ते शनिवारी रात्री सोडलेलं पाणी त्यांच्या अनुपस्थितीत दिसतं.

नमुन्याचं म्हणाल तर सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच. एकदाच घेतलेल्या नमुन्याऐवजी २४ तासांचा मिश्र नमुना घ्या, त्यात रात्रपाळी आणि सुट्टीचा दिवस येऊ द्या. बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, गाळू नका, आम्ल घालून टिकवू नका, आणि ३६ तासांच्या आत चाचणी लावा.

चाचणी नापास झाली की कारण शोधायची ती पद्धत. एकाच नमुन्याचे सहा-सात भाग करा आणि प्रत्येकावर एक वेगळी करामत करा. एकात ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घाला: विषारीपणा गेला तर धातू. एकात सोडियम थायोसल्फेट: गेला तर क्लोरीन. एकात तासभर हवा फुंका: गेला तर उडून जाणारं काही. एक झिओलाइटमधून (अमोनियम धरून ठेवणाऱ्या खनिजातून) काढा, एकाचा पीएच ७ ला बांधून ठेवा: दोन्हींत गेला तर अमोनिया. एक गाळा: गेला तर कणांना चिकटलेलं. एक सी-१८ स्तंभातून (सेंद्रिय रसायनं धरून ठेवणाऱ्या नळीतून) काढा: गेला तर सेंद्रिय रसायन, आणि मग तो स्तंभ मिथेनॉलने धुऊन आलेला अर्क एखाद्या मोठ्या लॅबकडे जीसी-एमएसला (रेणू ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवा. प्रत्येक करामतीसोबत स्वच्छ पाण्यावर तीच करामत केलेला कंट्रोल हवा, कारण ईडीटीए आणि थायोसल्फेट जास्त झाले की तेच डॅफ्निया मारतात.

तुमच्या वर्णनावरून मी सुरुवात अमोनिया आणि क्लोरीनपासून करेन. आउटलेटला हायपोचे (क्लोरीन देणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटचे) डोस तुम्ही ठेवत असाल आणि क्लोरीन नमुना लॅबमध्ये येईपर्यंत उडून जात असेल तर तो ना तुमच्या रिपोर्टमध्ये दिसेल ना बाहेरच्या लॅबच्या; नाल्यात मात्र रोज पोचेल. उरलेला क्लोरीन डोसिंगनंतर लगेच, जागेवर मोजा, आणि थायोसल्फेट घातलेला व न घातलेला असे दोन भाग त्याच तासाला डॅफ्नियाला लावा.